मऊ भाताचा वाडगा आणि हाताने जेवायचं ताट: घरच्या जेवणासाठी स्टोनवेअर करताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका तरुण डिझायनरला छोट्या प्रमाणावर स्टोनवेअरचा, म्हणजे तीव्र आचेवर भाजलेल्या पक्क्या मातीच्या भांड्यांचा, संच काढायचा आहे. जपानी, कोरियन, थाई आणि आपलं मराठी, असं सगळं घरगुती जेवण त्यात वाढता यावं, आणि जेवणाऱ्याला हॉटेलात बसल्यासारखं न वाटता घरी जेवल्यासारखं वाटावं, ही इच्छा. रेखाटनांत बांबू आहे, चेरीची फुलं आहेत, वारली आकृत्या आहेत, पैठणीचा मोर आहे. रंग मातकट, काठ मुद्दाम वेडेवाकडे. विचारणा अशी की यातून ती ऊब येईल का, आणि येत नसेल तर काय बदलायचं?

नाही येणार. नक्षी बदलूनही येणार नाही. गेली बरीच वर्षं मी चाकावर रोजच्या वापराची भांडी करते आहे, आणि माझं ठाम मत झालंय की जेवताना जे बरं वाटतं ते डोळ्यांच्या आधी हाताला आणि ओठांना कळतं. वाडगा उचलताना बोटं कुठे बसतात, भात किती वेळ गरम राहतो, शेवटचा घास निपटून घेता येतो की कोपऱ्यात अडकतो, आमटी ओरपताना काठ ओठाला कसा लागतो. घरातलं जुनं भांडं आवडतं कारण हे सगळे प्रश्न वर्षानुवर्षांच्या वापरातून सुटलेले असतात. तुम्हाला ते कागदावर सोडवावे लागतील. म्हणून रेखाटनवही बाजूला ठेवा आणि आधी एक पदार्थ निवडा.

नक्षीपेक्षा वापर कसा आधी येतो याचं मला फार आवडणारं उदाहरण जपानचं आहे. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, क्योतो आणि ओसाकाच्या मधल्या योदो नदीवर प्रवासी बोटी चालत. हिराकाताच्या आसपास छोट्या होड्या त्यांना येऊन भिडत आणि त्यांतून खाणं विकलं जाई. ते ज्या स्वस्त पोर्सेलिनच्या वाडग्यांत देत त्यांना कुरावांका म्हणतात, आणि त्यातले पुष्कळसे नागासाकी भागातल्या हासामीच्या भट्ट्यांतून येत. भिंत जाड, बूड रुंद आणि जड, म्हणजे पाणी हललं तरी वाडगा कलंडू नये. वर निळ्या रंगात कुंचल्याचे चारदोन फटकारे, गवत किंवा वेल, कारण कारागिराला त्याहून जास्त वेळ परवडत नव्हता. आज लोक ते वाडगे हौसेने जमवतात. हातात घेतल्यावर जो भरवसा वाटतो तो त्या जड बुडाचा आहे. वेल नसती तरी तो वाटला असता.

तुमच्या यादीतल्या सगळ्या स्वयंपाकघरांना एकत्र बांधणारा एक पदार्थ आहे, आणि मी तुमच्या जागी असते तर तिथूनच सुरुवात केली असती: मऊ भात. कोकणात पेज, तमिळनाडू-केरळात कंजी, थायलंडमध्ये जोक, व्हिएतनाममध्ये चाओ, चीनमध्ये झोऊ, कोरियात जुक, जपानात ओकायु, फिलिपिन्समध्ये लुगाव. कुठे आलं आणि मासे, कुठे उमेबोशी म्हणजे खारवलेलं आंबट जपानी फळ, कुठे मेतकूट-तूप, कुठे सुक्या बांगड्याचा तुकडा. पण ताप उतरल्यावर, प्रवासातून दमून आल्यावर किंवा पोट बिघडल्यावर घरात हेच शिजतं, मनिलात काय आणि मालवणात काय.

आता हा पदार्थ कसा खाल्ला जातो ते नीट बघा. तो अतिशय गरम येतो आणि दाट असल्याने मधून लवकर निवत नाही. खाणारा आधी कडेकडेने घेतो, कारण तिथे तो पातळ थरात असतो आणि आधी निवतो. मधला भाग हळूहळू कडेला ओढत जातो. शेवटी तळाला चिकटलेलं खरवडून घेतो. एवढ्यात वाडग्याचा आकार जवळपास ठरून जातो. तोंड रुंद हवं, भिंत बाहेरच्या बाजूला कलती हवी, आतून तळ आणि भिंत यांच्यामध्ये कोपरा नको, एकच सलग वळण हवं. तळ जरा जाड, म्हणजे तिथे उष्णता टिकेल. आणि बुडाखाली एवढं उंच कडं की गरम अंगाला न लागता बोटांची टोकं खाली शिरतील.

आकडे सांगते. भाजून तयार झालेला वाडगा बाहेरून 16 सेंटिमीटर व्यासाचा, आतून सुमारे 6 सेंटिमीटर खोल. काठोकाठ पाणी भरलं तर साधारण अर्धा लिटर बसेल, पण वाढायचं 300 ते 350 मिलिलिटर, म्हणजे वर दीड सेंटिमीटर कोरडी भिंत राहते आणि वाडगा काठाला धरून नेता येतो. बुडाचं कडं 6 ते 6.5 सेंटिमीटर व्यासाचं आणि 1 सेंटिमीटर उंच. तळ 6 ते 7 मिलिमीटर, भिंत मध्यावर 5, काठाला 4. काठ आतबाहेर दोन्हीकडून गोल केलेला. एवढं जमलं तर वजन 400 ग्रॅमच्या आसपास येतं, आणि एका हातात धरायला ते ठीक आहे. 550 च्या वर गेलात तर खाणारा तो टेबलावर ठेवूनच खाईल.

ओल्या मातीचं माप काढताना एक हिशेब बहुतेक जण चुकवतात. माती ओली असल्यापासून पक्की भाजेपर्यंत 12 टक्के आटते असं धरू. मग 16 मध्ये 12 टक्के मिळवून चालत नाही, कारण आटणं ओल्या मापाचं असतं. 16 ला 0.88 ने भागायचं. उत्तर 18.2 येतं, 17.9 नाही. एका वाडग्यात हा फरक दिसत नाही. सहा वाडगे एकात एक बसवायचे असतील आणि बुडाची मापं वेगळ्या पद्धतीने काढली असतील, तर मात्र चळत डगमगते. आपल्या मातीचं आटणं आपल्याच भट्टीत मोजा. पिशवीवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. मातीच्या पट्टीवर ओली असताना बरोबर 10 सेंटिमीटरची रेघ ओढायची आणि पक्क्या भट्टीनंतर ती मोजायची, एवढंच काम आहे.

हा वाडगा चाकावर होत नाही, ट्रिमिंगमध्ये, म्हणजे जास्तीची माती कोरून काढण्यात होतो. माती अर्धवट सुकली, बोट दाबून ठसा उमटत नाही पण नखाने कोरता येते, अशा वेळी वाडगा पालथा घालून मातीच्या तीन गोळ्यांनी चाकावर बसवायचा. आधी बाहेरचा उतार काढायचा, मग कड्याची बाहेरची बाजू, मग आतली. मधूनमधून चाक थांबवून बुडावर टिचकी मारायची. आवाज बद्द असेल तर माती अजून पुष्कळ आहे. जरा पोकळ वाटू लागला की थांबायचं. बाहेरच्या वळणाने आतल्या वळणाची पाठ सोडायची नाही. आत गोल आणि बाहेर चौकोनी राहिलेला वाडगा दिसायला हलका आणि उचलायला जड असतो, आणि तेवढ्यानेच हाताची निराशा होते. कड्याच्या आतल्या धारेवर शेवटी ओला स्पंज फिरवा. बोट तिथेच टेकणार आहे. कड्याला एक छोटी खाच ठेवली तर भांडं पालथं घातल्यावर बुडात पाणी साचत नाही. भांडी घासून पालथी घालणाऱ्या प्रत्येक घरात तिचा उपयोग होतो.

यानंतरचा निर्णय असा की वाडगा उचलून खायचा आहे की नाही. इथे आशिया एक नाही. जपानमध्ये भाताचा वाडगा डाव्या हातात उचलून तोंडाजवळ नेतात. म्हणून तिथला नेहमीचा वाडगा 11 ते 12 सेंटिमीटर व्यासाचा असतो आणि त्यात साधारण 150 ग्रॅम भात बसतो. कोरियात भाताचं भांडं टेबलावरून उचलणं शिष्टाचारात बसत नाही. भात आणि सूप दोन्ही चमच्याने खातात, त्यामुळे भांडं जड असलं तरी अडत नाही, उलट झाकण महत्त्वाचं ठरतं, आणि ते भांडं बहुधा काशाचं किंवा स्टीलचं असतं. आपल्याकडे ताट जमिनीवर, पाटावर किंवा टेबलावर राहतं, पण वाटी मात्र आपण बिनदिक्कत उचलतो आणि आमटी ओरपतो. सगळ्यांना चालेल असा एकच मधला वाडगा काढायला गेलात तर तो कुणालाच आपला वाटणार नाही. दोन कुटुंबं करा: उचलायची भांडी आणि ठेवायची भांडी. पहिल्यांचं वजन कमी, कडं उंच, काठ ओठाचा. दुसऱ्यांचं बूड रुंद, काठ चमच्याचा किंवा बोटांचा.

कोरियन जेवणाबद्दल एक सावधगिरी. तुमच्या यादीत तुकबेगी आहे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं उकळतं स्ट्यू ज्यात थेट टेबलावर येतं ते काळपट मातीचं भांडं. ते आचेवर चढतं, कारण त्याची माती त्यासाठीच जुळवलेली असते. आपलं साधं स्टोनवेअर गॅसवर ठेवलं तर तडकणार, आणि आत उकळता रस्सा असताना तडकणार. ते भांडं बाहेरून विकत आणा आणि त्याच्याखालची बशी तुम्ही करा. बशी करण्यात काही कमीपणा नाही. भांडं खाली टेकताना होणारा आवाज, उतू गेलेला रस्सा अडवणारी कड आणि उचलायला लागणारी बोटभर मोकळी जागा, हे सगळं त्या बशीला सांभाळावं लागतं.

आता ताटाकडे येऊ, कारण आपल्या जेवणाची खरी परीक्षा तिथे आहे आणि बाजारातलं बहुतेक सिरॅमिक तिथेच नापास होतं. दुकानात मिळणारी डिनर प्लेट काट्या-चमच्यासाठी बनलेली असते: मध्ये सपाट, कडेला रुंद, जवळजवळ आडवा पडलेला काठ. त्यात वरण-भात वाढून बघा. वरण पसरत काठापर्यंत जातं, भात कालवताना बोटांना मागून आधार मिळत नाही, आणि घास उचलण्याआधी भात पळतो. आपण हाताने जेवताना नेमकं काय करतो? चार बोटांनी भात गोळा करून ताटाच्या भिंतीपर्यंत आणतो, तिथे तो दाबून घास बांधतो, आणि मग अंगठ्याने पुढे ढकलतो. भिंत नसेल तर घास बांधला जात नाही. स्टीलच्या ताटाला उभी कड असते ती काही शोभेसाठी नाही.

म्हणून सिरॅमिकच्या ताटाला 2 ते 2.5 सेंटिमीटर उंच भिंत द्या, पण स्टीलसारखी काटकोनात उभी नको. तळ आणि भिंत जिथे मिळतात तिथलं वळण बोटाच्या पेराएवढं मोठं हवं, निदान दीड सेंटिमीटर त्रिज्येचं, म्हणजे बोट त्यातून सहज फिरेल आणि शेवटचा दहीभात पुसून घेता येईल. हे वळण प्लास्टरच्या साच्यात ठरवण्याआधी मातीचं एकच ताट हाताने करा, बिस्क, म्हणजे पहिली कच्ची भट्टी भाजा, त्यावर ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप द्या, पुन्हा भाजा आणि त्यात खरोखर जेवा. ओल्या बोटांना कळतं ते कॅलिपरला कळत नाही. कोरड्या, खडूसारख्या मॅट ग्लेझवर नख घासलं की अंगावर शहारा येतो. फोटोत ते ग्लेझ सुंदर दिसतं, म्हणून आजकाल ते फार वापरतात. हाताने जेवायच्या ताटाच्या आत ते देऊ नका, बाहेरून हवं तर द्या. शिवाय स्टीलचा चमचा मॅट ग्लेझवर करड्या रेघा सोडतो आणि त्या घासूनही निघत नाहीत. आतल्या बाजूला साटिनपेक्षा जरा चमकदार, गुळगुळीत ग्लेझ हवं.

वजनाचा हिशेब मात्र आधी करा. 28 सेंटिमीटरचं, 6 मिलिमीटर जाडीचं स्टोनवेअर ताट एक किलोच्या वर जातं. त्यात चार वाट्या ठेवल्या तर नुसती भांडीच पावणेदोन किलोंच्या घरात जातात, वर जेवण. आजीला ते उचलून मोरीत नेता येणार नाही, आणि जे भांडं आजीला उचलता येत नाही ते घरचं होत नाही. स्टीलच्या थाळीची हुबेहूब नक्कल करू नका. ताट 25 ते 26 सेंटिमीटरवर आणा, वाट्या ताटाबाहेर येऊ द्या, आणि ताटातली डावी-उजवी जपा. मीठ-लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, भाताला मधली जागा. चटणी-कोशिंबिरीचं पाणी भाताकडे वाहू नये म्हणून ताटाच्या तळाला जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा खोलगटपणा पुरतो, आणि तोही कडेपासून मध्याकडे न देता मध्यापासून कडेकडे द्यावा. मधोमध अगदी थोडा उंचवटा राहिला की कोशिंबिरीचं पाणी आपल्या जागी राहतं. कप्पे पाडायची गरज नाही. कप्पे पाडलेलं ताट कँटीनची आठवण देतं.

मुदीचं नाव निघालंच आहे तर भाताची वाटी वेगळी करा. मूद पाडायची वाटी तळापासून तोंडापर्यंत सतत रुंदावत गेलेली हवी. काठ आत वळलेला असेल तर भात सुटत नाही. आतून गुळगुळीत ग्लेझ, तळाला चाकाच्या रेघा नकोत, कारण त्या मुदीच्या माथ्यावर उमटतात. आमटीच्या वाटीला मात्र काठ किंचित बाहेर वळलेला चालतो, ओरपायला बरा पडतो. ती 150 मिलिलिटरच्या आसपास असू द्या. मोठी करायचा मोह होतो, पण आपल्याकडे जेवणाचं सुख दुसऱ्यांदा वाढण्यात आहे. वाटी लहान असली की ती रिकामी होते, वाढणारा पुढे येतो, "अजून थोडी घे" म्हणतो. जपानी घरांतही छोट्या वाडग्यात पुन्हा भात मागून घ्यायची रीत आहे. मोठ्या बाऊलमध्ये एकदाच सगळं वाढून दिलं की पोट भरतं, पण हे देणं-घेणं होत नाही. माझ्या मते आकारमान ठरवताना हा मुद्दा रंगापेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे.

त्याच्याच जोडीने दुसरी गोष्ट. जपानमध्ये घरातल्या प्रत्येकाचा भाताचा वाडगा वेगळा असतो, ज्याचा त्याचा. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालून घेतात, आणि घरात अमुक पेला बाबांचा, तमुक ताट मधल्या काकांचं, हे कुणी न सांगता ठरलेलं असतं. बारा एकसारखे नग असलेला संच पाहुण्यांसाठी असतो. हासामीतल्या हाकुसान कंपनीसाठी डिझायनर मासाहिरो मोरी यांनी केलेला पसरट भाताचा वाडगा या बाबतीत शिकण्यासारखा आहे. आकार एकच, सुमारे 15 सेंटिमीटर व्यासाचा, पण नक्षी अनेक, आणि लोक आपली नक्षी निवडून एकेक वाडगा घेतात. कारखान्याला एकच साचा सांभाळावा लागतो आणि घरात मात्र प्रत्येकाचा वाडगा वेगळा दिसतो. छोट्या स्टुडिओला ही वाट फार सोयीची आहे.

रंगाबद्दल. मातकट म्हणजे घरगुती, हे समीकरण सोडा. रंग पदार्थाशेजारी ठेवून ठरवा. आपलं घरचं जेवण बरंचसं पिवळं आहे: वरण, पिठलं, बटाट्याची भाजी, कढी. क्रीम किंवा पिवळसर करड्या ताटात ते सगळं विरून जातं. निळसर करडा किंवा राखेच्या ग्लेझचा हिरवट पांढरा घ्या, पिठलं उठून दिसतं. दहीभात, इडली, ओकायु यांना गडद तपकिरी किंवा काळं ग्लेझ शोभतं, पांढरा रंग त्यात जिवंत होतो. निळ्या-पांढऱ्याची सगळ्या आशियाभर चलती होती त्यामागे व्यापार आहे, कोबाल्टला तीव्र आच सोसते हे कारण आहे, पण ताटात निळ्या रंगाचा पदार्थ जवळजवळ नसतो हेही आहेच. सगळंच निळ्यावर बरं दिसतं. सेलाडनचा, म्हणजे जुन्या चिनी-कोरियन भांड्यांवरच्या ग्लेझचा फिकट हिरवा मात्र इलेक्ट्रिक भट्टीत मिळत नाही. त्यासाठी एक-दोन टक्के लोह आणि भट्टीत ऑक्सिजनची ओढाताण, म्हणजे रिडक्शन, लागतं. तेच लोह इलेक्ट्रिक भट्टीत मधाळ पिवळं होतं. तुमच्याकडे गॅसची भट्टी नसेल तर सेलाडनची स्वप्नं बघत वेळ घालवू नका.

आणि हळद. जपानी किंवा कोरियन कुंभाराला जो त्रास सहसा होत नाही तो आपल्याला रोज होतो. ग्लेझ आणि माती यांचं आकुंचन जुळलं नाही की ग्लेझवर केसासारख्या बारीक भेगांचं जाळं पडतं. कधीकधी ते भट्टीतून निघाल्यावर दिसत नाही, आठवड्याभराने दिसू लागतं. चहाच्या कपात लोकांना ते आवडतंही. भाजीच्या वाडग्यात त्या भेगांतून हळदीचं तेल शिरतं आणि पिवळं जाळं कायमचं बसतं. प्रत्येक नव्या ग्लेझसाठी मी एकच चाचणी करते. तेल गरम करून त्यात हळद घालते, ते कोमट तेल वाडग्यात रात्रभर ठेवते, सकाळी साध्या साबणाने घासते. डाग पृष्ठभागावर असेल तर निघतो, थोडा राहिला तर दिवसभर कडक उन्हात ठेवला की हळदीचा रंग उडून फिका पडतो. जाळीदार रेघा उरल्या तर ग्लेझ नापास. त्याआधी वाडगा फ्रीजरमध्ये ठेवून मग त्यावर उकळतं पाणी ओतलं की लपलेल्या भेगा लवकर उघड होतात. हे सिंकमध्ये आणि लांबूनच करा. उपाय म्हणजे ग्लेझमधली सिलिका थोडी थोडी वाढवत नेणं, किंवा सोडा-पोटॅश फेल्डस्पारचा काही भाग कमी करून बोरॉन किंवा टाल्ककडे जाणं. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलाचा तुकडा नंबर घालून जपून ठेवणं.

आंबट पदार्थांचं तेवढंच आहे. कोकम, चिंच, लिंबू, ताक, थाई-व्हिएतनामी जेवणातलं लिंबू, हे सगळं ग्लेझमधले धातू हळूहळू बाहेर ओढतं. तांब्याचे हिरवे, मँगेनीजचे जांभळट काळे, बेरियमचे मऊ मॅट हे आतल्या बाजूला नकोत. शिशाचा तर प्रश्नच नाही, ते स्टुडिओतच आणायचं नाही. घरच्या घरी करता येणारी ढोबळ चाचणी म्हणजे लिंबाची फोड किंवा व्हिनेगर रात्रभर ठेवणं. रंग किंवा चमक बदलली तर ते ग्लेझ बाद. बदलली नाही म्हणून सुरक्षित मात्र ठरत नाही. विक्रीला काढण्याआधी प्रयोगशाळेतून शिसं आणि कॅडमियमची चाचणी करून घ्या. त्यात 4 टक्के ॲसिटिक ॲसिड भांड्यात 24 तास ठेवून काय उतरलं ते मोजतात. तयार ग्लेझच्या डब्यावर अन्नासाठी सुरक्षित असं लिहिलेलं असतं ते त्यांनी सांगितलेल्या तापमानाला नीट वितळलं तरच खरं. भट्टी 1220 अंश दाखवते म्हणून वरच्या फळीवर तेवढंच आहे असं समजू नका, प्रत्येक फळीवर कोन, म्हणजे ठरावीक आचेला वाकणारा छोटा सुळका, ठेवा.

माती किती पाणी शोषते तेही बघा. कोरडा तुकडा वजन करून दोन-तीन तास पाण्यात उकळा, निववा, पुसून पुन्हा वजन करा. वाढ दोन टक्क्यांच्या आत हवी, एकाच्या आत असेल तर उत्तम. जास्त शोषणारं बूड मायक्रोवेव्हमध्ये चटका देतं आणि कालांतराने त्याला वास येऊ लागतो.

वेड्यावाकड्या काठांचं सांगायचं राहिलं. क्योतोच्या दाइतोकुजी मंदिरसमूहात किझाएमोन ईदो नावाचा चहाचा वाडगा आहे, जपानचं राष्ट्रीय वैभव म्हणून जपलेला. तो मूळचा कोरियातला, जोसेऑन काळातला, आणि साध्या रोजच्या वापरासाठी झालेला असावा असं मानतात. 1925 च्या सुमारास मिंगेई, म्हणजे रोजच्या वापराच्या लोककलेची, चळवळ सुरू करणाऱ्या सोएत्सु यानागींनी त्याचं तोंड भरून कौतुक केलं, ते याचसाठी की करणाऱ्याने सौंदर्याचा विचार न करता भराभर काम केलं होतं. त्यातला ओबडधोबडपणा वेगातून आला. तुमच्या रेखाटनातले काठ ठरवून वाकवलेले आहेत, आणि हाताला ते लगेच कळतं. शिवाय वाकड्या काठांचे वाडगे एकात एक बसत नाहीत. पुण्यातल्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात मांडणीवर जागा किती असते ते तुम्हाला ठाऊक आहे. सरळ करा, भराभर करा, जो थोडा फरक आपोआप येईल तो राहू द्या.

नक्षी हवीच असेल तर उत्तर थायलंडमधल्या लांपांगचे कोंबड्याचे वाडगे बघा. ग्वांगडाँगकडून आलेल्या चिनी कारागिरांनी ती परंपरा आणली, आणि 1950 च्या दशकात लांपांग भागात पांढरी माती सापडल्यावर ती तिथे रुजली. कोंबडा, केळीचं झाड, फूल, सगळं मोजक्या फटकाऱ्यांत. कोंबडा हजारदा काढून हातात बसलेला आहे. तुम्हाला वारली मोहात पाडत असेल तर आधी स्वतःला विचारा की ती तुमच्या हातात बसलेली आहे का, आणि ज्या समाजाची ती कला आहे त्यांच्यापैकी कुणाला पैसे देऊन काम का देऊ नये. नाहीतर काठाखाली लोहाच्या तपकिरी रंगाची एकच रेघ, कुंचला एका जागी धरून चाक फिरवून काढलेली, पुरेशी आहे.

पहिल्या खेपेला फक्त तीन आकार करा: मऊ भाताचा वाडगा, हाताने जेवायचं ताट, आमटीची वाटी. आतून ग्लेझ एकच, बाहेरून दोन. ओळखीच्या चार-पाच घरांत महिनाभर वापरायला द्या, आणि त्यात एक घर असं असू द्या जिथे भांडी मावशी घासतात, कारण काठाचा कुठे टवका उडतो ते तिथेच कळेल. महिन्याने जाऊन "आवडलं का?" असं विचारू नका. कुठलं भांडं ओट्यावर हाताशी आहे आणि कुठलं वरच्या फळीवर गेलंय ते बघून या. जे वर गेलं त्याचं वजन, काठ आणि बूड आधी तपासा, रंगाला हात शेवटी लावा. विकताना नग सुटे विका. प्रत्येक आकाराचं ओलं माप, मातीचं वजन, ग्लेझच्या खेपेचा नंबर आणि भट्टीच्या कोनाची नोंद वहीत ठेवा, कारण तीन वर्षांनी कुणीतरी फोन करून सांगणार की आईची वाटी फुटली, तशीच एक करून द्या, आणि ती तशीच करून देता आली पाहिजे.